सहाचं गाणं, नवाचं गाणं

माझी आई धानाची शास्त्रज्ञ होती आणि अकरा वर्षं सरकारी कागदावर 'हंगामी' होती. धान हंगामी असतं हे समजू शकतं. पण धानाचा अभ्यास करणारी बाईसुद्धा दर पावसाळ्याला नव्यानं उगवते, अशी वरच्यांची समजूत असावी. दर उन्हाळ्याच्या शेवटी नागपूरहून हुकूम यायचा: आणखी एक वर्ष. आई तो एकदा वाचायची आणि चार घड्या घालून आपल्या बाजाच्या पेटीच्या डाव्या कोपऱ्याखाली सारायची, कारण आमच्या क्वार्टरची जमीन तिथं खोल होती. नववा हुकूम आला तेव्हा पेटी अगदी सरळ बसली. दहावा आणि अकरावा आल्यावर ती उजवीकडं कलली. बाबा सावली गावच्या शाळेत हेडमास्तर होते आणि वर्षातून दोनदा विनोद करायचे. त्यातला एक तेव्हा केला: आता तरी हिला कायम करा, नाहीतर पेटी छपराला टेकेल.

तिचं नाव इंदुताई. माहेर चामोर्शी. तिचे वडील भजनाला पेटी वाजवत, त्यामुळं ही पोर बोलायच्या आधी सुरात रडायला शिकली, असं आजी सांगायची. पुढं नागपूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकायला गेली. वर्गात ही एकटी मुलगी, बसायची मागं. भिंग हातोहात फिरत हिच्यापर्यंत येईतो तास संपायचा. म्हणून लग्नात पाटल्यांऐवजी तिनं वडिलांकडून भिंग मागून घेतलं. ते काळ्या दोऱ्यात ओवून मंगळसूत्राच्या शेजारी घालायची. नवख्या बायांना तो कसलातरी नवस वाटायचा आणि त्या आधी भिंगालाच हात जोडायच्या.

आमचं धानाचं फार्म सावलीच्या पुढं, वैनगंगेच्या अलीकडं होतं. मी मॅट्रिकला इंग्रजीत आपटले होते, गणितात नव्हते. आईनं निकालाचा कागद पाहिला आणि म्हणाली, आकडे शाबूत आहेत ना, मग चल. अशी मी सतराव्या वर्षी तिची मोजणारी झाले. रोपं मोजायची, फुटवे मोजायचे, लोंबीतले दाणे मोजायचे. खोड एकदा लागली की सुटत नाही. मी आईलाही मोजायला लागले. 'एवढं एक पाहते आणि येते' असं ती दिवसातून सरासरी चौदा वेळा म्हणायची. त्यातल्या नऊ वेळा ती खरंच परत यायची. उरलेल्या पाच वेळा मी जाऊन आणायची. कुठं असेल हे आवाजावरून कळायचं, कारण ती गुणगुणल्याशिवाय काम करू शकत नसे. काम बरं चाललं असेल तर सूर चढता, अडलं असेल तर एकाच सुरावर भुंगा. तिच्या वहीतही तोच प्रकार. उजव्या पानावर धान, डाव्या पानावर गाणी. कुण्या गावाहून बियाणं आणलं, की त्या गावच्या बायांचं गाणंही शेजारी उतरवलेलं. वरच्या साहेबांना अहवाल पाठवताना नक्कल मी करायची, म्हणून बरं. नाहीतर एकदा 'रोपांची उंची' या सदराखाली सासूची उंची गेली असती.

हे सगळं चोपन्न सालचं.

त्या वर्षी आईनं मोठी चाचणी लावली. एकीकडं लुचई, जी आमच्या भागात सगळेच लावतात. दुसरीकडं 'सत्तावीस नंबर'. हे नाव आईच्या वहीतलं. मुळात ते भागीरथाच्या घरचं धान. भागीरथा म्हणजे फार्मवर रोवणीला येणाऱ्या बायांची पुढारीण. पन्नाशीची, काटक, आणि गळा असा की धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, बगळे उठावेत. आई एकदा तिच्या घरी जेवली, भाताचा घास तोंडात घेतला आणि जेवण सोडून बियाण्याचं मडकं पाहायला उठली. तेव्हापासून सत्तावीस नंबरवर तिचा जीव. मला दाट शंका होती की हा जीव अर्धा धानावर आणि अर्धा भागीरथाच्या गळ्यावर आहे. पण मी लिहून ठेवलं, बोलले नाही.

सोळा बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, सारख्या मापाच्या केल्या. आठात लुचई, आठात सत्तावीस, आणि कुठल्या बांधीत काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे चांगली जमीन कुणा एकाच्या वाट्याला जायला नको. नागपूरहून छापील सूचना होत्या. त्यात चौथी सूचना: रोवणी गाठी मारलेली दोरी ताणून करावी, प्रत्येक गाठीला एक रोप.

आईनं दोरी ताणली. बायांनी अर्धी बांधी रोवली आणि भागीरथा कंबर सरळ करून उभी राहिली.

"बाई, दोरी पाहा का गानं म्हना. दोन्ही नाई होत. दोरीनं गानं तुटते, आन् गानं तुटलं का कंबर तुटते."

कुठल्याही दुसऱ्या शास्त्रज्ञानं सांगितलं असतं, गाणं राहू द्या. आई पाच मिनिटं धुऱ्यावर उभी राहिली. बाया दोरीवर मुकाट्यानं रोवत होत्या आणि तो मुकेपणा तिला सोसवेना. शिवाय तिला वाटलं, या बाया तीस-तीस वर्षं रोवतात, तालावर एकेक रोप टोचतात. तालापेक्षा दोरी सरळ ती किती असणार? तिनं दोरी गुंडाळली आणि मुखरूच्या खांद्यावर टाकली. मुखरू बैलांचा माणूस. त्यानं ती त्याच दिवशी दावं म्हणून वापरली.

कार्तिकात धान कापलं, मळलं, काट्यावर चढवलं. लुचईचे चाळीस शेर, तर सत्तावीस नंबरचे पन्नास. एका बांधीत नव्हे, आठही बांध्यांत. आई काट्यापाशी उभी होती आणि गुणगुणत नव्हती. मी घाबरले. मग ती एकदम गायलाच लागली, शब्दांसकट, आणि तीन दिवस थांबली नाही. बाबा शाळेतच जेवू लागले.

फार्मचे सुपरिंटेंडेंट गुणवंतराव. माणूस भला, पण कागदाला फार भ्यायचा. सही करताना डोळे किंचित मिटायचा. त्यांनी अहवालावर सही केली. नागपूरहून उत्तर आलं ते असं की गुणवंतरावांनी ते ऑफिसात उभं राहून वाचून दाखवलं. सत्तावीस नंबरचं बियाणं चामोर्शीच्या आठवडी बाजारात शेतकऱ्यांना वाटावं. पुढच्या रोवणीला साहेब स्वतः पाहायला येतील. आणि इंदुताईंना कायम करण्याचा प्रस्ताव वर पाठवला आहे. आईनं ते पत्र पेटीखाली सारलं नाही. ते तिनं वहीत ठेवलं, डाव्या पानाशी.

पौषात मला काम होतं धसकटं मोजायचं. कापणीनंतर जमिनीत बुडखे राहतात, त्यांत खोडकिडा किती शिरला ते पाहायचं. मी सोळाही बांध्यांत उकिडवी बसून सरकत गेले. किडा दोन्हीकडं सारखाच होता. पण तिसऱ्या दिवशी माझ्या कागदावर दुसरंच काही दिसायला लागलं. रोवताना प्रत्येक बाई आपल्या दोन्ही हातांच्या पल्ल्याइतका पट्टा घेते, त्यात आडवी रोपं टोचते, मग सगळ्या मिळून एक पाऊल मागं सरकतात. लुचईच्या बांध्यांत एका पट्ट्यात नऊ बुडखे होते. सत्तावीसच्या बांध्यांत सहा. कुठंही सात नाही, आठ नाही. नऊ आणि सहा.

म्हणजे सत्तावीसचं रोप पैस जागेत वाढलं होतं आणि लुचईचं खेटून. पैस जागेत फुटवे जास्त येतात, हे मला आईनंच शिकवलं होतं. धानाची शर्यत लावली, आणि एकाला मोकळा रस्ता, दुसऱ्याला बाजारातून पळवलं.

पण बायांनी असं का करावं? मी भागीरथाच्या घरी गेले. ती सुपात दाणे पाखडत होती, शेजारी तिची जाऊ रंभा. मी विचारलं, लुचईत नऊ आणि सत्तावीसमध्ये सहा का टोचले. भागीरथा म्हणाली, कोणी मोजून टोचते का पोरी, गानं जसं येते तसा हात जाते. मग सूप खाली ठेवून तिनं अंगणात करून दाखवलं. गाण्याच्या एका ओळीत जितके ठोके, तितकी रोपं. ओळ संपली की पाऊल मागं. 'नदीच्या पल्याड भाऊ माझा राह्यते गऽ' या गाण्याचे ठोके सहा. हे लांब सुराचं गाणं आईचं लाडकं. सत्तावीसच्या बांधीत रोवणी लागली की आई धुऱ्यावर यायची आणि हेच म्हणायला लावायची.

"आणि लुचईत कोणतं म्हणायच्या?" मी विचारलं.

भागीरथानं सूप उचललं आणि जोरजोरात पाखडू लागली. रंभानं पदर तोंडाला लावला.

"असंच कायतरी," भागीरथा म्हणाली.

"नऊ ठोक्यांचं?"

"असन नवाचं."

रंभाच्यानं आता राहवेना. ती म्हणाली, "सांगून टाक वो. बाई अठी थोडीच आहे." आणि हसू आवरत तिनंच म्हणून दाखवलं:

"वहीवाली बाई आली, चिखलात चप्पल गेली, दाने मोजमोजू तिची चुलीवर भाजी जरली."

मी बोटांवर मोजलं. ओळीला नऊ. आई लुचईच्या बांध्यांकडं रेंगाळायची नाही. ती पलीकडं पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोवायच्या रोपांच्या, पेंड्या मोजायला जायची. तिची पाठ वळली की बाया हे काढायच्या. तिच्यावरच रचलेलं, त्यामुळं तिच्यादेखत म्हणणं शक्य नव्हतं. तीन कडवी होती. दुसऱ्यात भिंग होतं. तिसऱ्यात बाबा होते, उपाशी.

आता माझा प्रश्न. हे फक्त मला ठाऊक होतं. कायमचा हुकूम कागदांमधून सरकत येत होता. मी चार दिवस गप्प राहिले आणि त्या चार दिवसांत स्वतःला बरंच पटवलं. सत्तावीस काही वाईट धान नाही. धसकटं उन्हाळ्यात नांगरली जातील. आई अकरा वर्षं वाट पाहते आहे. पाचव्या दिवशी सकाळी ती ओसरीत बियाण्याची पोती शिवत बसली होती, चामोर्शीच्या बाजारासाठी, आणि सांगत होती की कुण्या इसरूनं आपली सगळी बांधी सत्तावीसची करायचं ठरवलं आहे, लुचईचं बियाणं त्यानं खाऊनही टाकलं. मी बुडख्यांचा आणि ठोक्यांचा कागद तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं वाचला. सुई पोत्यात तशीच खोचली आणि शेतात गेली. मी मागून गेले नाही. लांबून दिसत होतं, ती बांधीमागून बांधी उकिडवी बसत होती. परतली तेव्हा पातळ मातीनं भरलेलं, आणि ती हसत होती. ओसरीत बसून हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली.

"पाहिलंस कला, एकाही बाईचा एकही ठोका चुकला नाही. सोळा बांध्यांत. मी म्हटलंच होतं, दोरीपेक्षा ताल सरळ." आणि मग तिचं हसू थांबलं. "चुकले ते मी. प्रयोगात गाणं घातलं, आणि तेही माझ्या आवडीचं, माझ्या आवडीच्या धानाला."

मग तिनं विचारलं, नवाचं गाणं कोणतं होतं. मी सांगितलं, भागीरथाला विचार. आईनं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. "माझ्या मागं म्हणतात ना? म्हणजे माझ्यावरच असणार," ती म्हणाली. "चांगलं आहे का?" मी म्हटलं, उत्तम आहे.

गुणवंतरावांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ टोपी काढून टोपीतच पाहत राहिले. त्यांचं म्हणणं असं, की चुकीबद्दल त्यांची तक्रार नाही, चूक देवाघरची असते. पण अहवालात 'दोरी लावली' असं छापील वाक्य आहे आणि त्याखाली सही त्यांची आहे.

"इंदुताई, नागपूरहून धसकटं मोजायले कोण येऊन राह्यलं? हुकूम येऊ द्या. मग पुढच्या वर्षी गुपचूप दोरी लावून टाकू."

"धसकटं मोजायला कोणी नाही येणार, भाऊ. धान मोजायला इसरू येईल."

"तुम्हाला काढून टाकतील."

"टाकतील कदाचित," आई म्हणाली. "सही तुमची, गाणं माझं. मी लिहिते की दोरी मी सोडली, तुम्हाला न विचारता."

तिनं ते पत्र स्वतः लिहिलं. मी नक्कल केली आणि पहिल्यांदाच डाव्या पानावरचंही काही नागपूरला गेलं: दोन गाण्यांचे ठोके, ओळींखाली खुणा करून. नवाच्या गाण्याचे शब्द मात्र 'उपलब्ध नाहीत' असे लिहिले. बियाण्याची पोती उसवली. इसरूला आईनं घरच्या वाट्याची लुचई दिली आणि दोन शिव्या ऐकून घेतल्या. त्यातली दुसरी मी तिथंच सोडून आले, वहीत घेतली नाही.

उत्तर यायला दोन महिने लागले. कायमचा प्रस्ताव थांबवला होता. नेहमीचा हुकूम आला तो वर्षाचा नव्हे, सहा महिन्यांचा. साहेब रोवणीला येतील आणि प्रयोग स्वतः पाहतील, त्यानंतर ठरेल. गुणवंतरावांनी त्या दिवसापासून देवाला रोज एक फूल जास्त वाहिलं. आई मात्र कामाला लागली. तिचं म्हणणं सोपं होतं: लुचईही दोन्ही गाण्यांवर रोवायची, सत्तावीसही दोन्ही गाण्यांवर. चार जोड्या, प्रत्येकीला चार बांध्या, पुन्हा सोळा. मग काट्यालाच विचारू, धान जिंकलं की गाणं.

पंचावन्नच्या आषाढात साहेब जीपनं आले. उंच, बारीक, पांढरे कपडे, काळी छत्री. धुऱ्यावर छत्री उघडून उभे राहिले आणि माझ्या हातातला कागद मागून घेतला. पहिली चिठ्ठी निघाली: लुचई, नवाचं गाणं.

बाया चिखलात उतरल्या, ओळीनं वाकल्या. पेंड्या सुटल्या. आणि कुणी तोंड उघडेना.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. गुणवंतरावांनी आकाश पाहिलं. आई म्हणाली, हं, भागीरथा. भागीरथा सरळ उभी राहिली, कानाशी हात नेला, पुन्हा खाली घेतला.

"साहेबापुढं नाई, बाई. तुमच्यापुढं तं मुराच नाई. सहाचं घ्या, सोराई बांध्या सहाचंच म्हनतो."

साहेब शांतपणे म्हणाले, "गाणं ठरल्याप्रमाणं झालं नाही, तर हा प्रयोग नाही. मला तसंच लिहावं लागेल." ते खोटं बोलत नव्हते. सोळा बांध्या, एक मोसम आणि सहा महिन्यांचा हुकूम, सगळं त्या बाईच्या गळ्यात अडकलं होतं, आणि तो गळा लाजला होता.

आई चिखलात उतरली. घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. भागीरथाच्या शेजारच्या पट्ट्यात जाऊन उभी राहिली, एक पेंडी सोडली, पातळ खोचलं आणि वाकली.

"भागीरथा, मले माहीत आहे माह्यावरच आहे. म्हन तू. फक्त नऊ पुरे कर. माही दया येऊन आठ नोको करू."

रंभा फिसकन हसली. मग भागीरथानं डोळे मिटले आणि सुरू केलं, आधी इतकं हळू की साहेबांनी छत्री पुढं झुकवली. वहीवाली बाई आली. बाकीच्यांनी दुसरी ओळ उचलली. भाजी जळली तेव्हा आईनं मान हलवली, खरं आहे म्हणून. भिंगाच्या कडव्याला तिनं 'वा' म्हटलं. बाबांच्या कडव्याला ती हसता हसता चिखलात बसलीच, आणि दोघींनी तिला धरून उभं केलं. हात मात्र बायांपैकी कुणाचा चुकला नाही. मी पट्टे मोजत होते. आईचेच एका पट्ट्यात दहा झाले, ते दहावं मी उपटून काढायला लावलं.

तिसऱ्या बांधीपर्यंत बायांची भीड पार गेली होती. तिघीजणी कुजबुजल्या आणि एक नवंच कडवं आलं:

"छत्रीवाला साहेब आला, धुऱ्यावर बगरा झाला."

साहेबांचा बगळा झालेला ऐकून गुणवंतरावांनी डोळे मिटले, सही करताना मिटतात तसे.  मी साहेबांच्या बाजूला होते म्हणून मला दिसलं: डाव्या हाताची बोटं छत्रीच्या दांड्यावर एकेक उचलत होती. ओळ संपली.

"नऊच आहेत," ते मला म्हणाले. "लिहा."

दुपारी ते आमच्याकडं जेवले. भाजी करपली नव्हती, कारण बाबांनी केली होती. जेवताना त्यांनी आईला विचारलं, तुम्हाला कोण जिंकायला हवंय. आईनं सांगितलं, सत्तावीस नंबर. ते म्हणाले, मग मळणीला माझा माणूस ठेवतो. आई म्हणाली, दोन ठेवा.

मळणीला ते स्वतः आले. काट्यावर कुणाची शंका नको म्हणून गडचिरोलीहून कमरुद्दीनभाईंना बोलावलं होतं. वजनकाटे तपासण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी काटा पाहिला, दोन्ही पारडी पुसली आणि सांगितलं, "अब आप तौलो, ये झूठ नहीं बोलेगा." सोळा ढीग चढले आणि उतरले. मी आकडे घालत होते, आई माझ्या खांद्यावरून पाहत होती.

लुचई आणि सत्तावीस, तसूभर फरक नाही. पण सहाच्या गाण्यावर रोवलेलं दोन्ही धान नवाच्या गाण्यावर रोवलेल्यापेक्षा सव्वापटीला टेकलेलं. आणि पऱ्हे लागले होते दोन तृतीयांश.

आईनं सत्तावीसचा आकडा तीनदा पाहिला. मी मोजलं. अकरा वर्षांत तिनं शोधलेलं सगळ्यांत लाडकं धान साधं, चांगलं, लुचईइतकंच निघालं होतं. ती भागीरथाला म्हणाली, तुझं धान वजनात जिंकलं नाही गं. भागीरथानं ढिगातला एक दाणा दातांखाली फोडला.

"चव कोन्या काट्यावर चढवली, बाई?"

आईनं वही काढली आणि ते वाक्य उजव्या पानावर लिहिलं.

साहेबांनी अहवाल तिथंच खळ्यावर बसून लिहिला. 'दोरी लावली नाही' हे त्यांनी पहिल्याच ओळीत घातलं आणि कागद सहीसाठी गुणवंतरावांपुढं धरला. या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले. आपलं पुढं काय, हे आईनं विचारलं नाही, साहेबांनीही सांगितलं नाही. जीप गेली. सहा महिन्यांतले उरले होते अडीच आठवडे.

ते संपायला दोन दिवस असताना लिफाफा आला. आई घरी नव्हती. चामोर्शीच्या पुढं, जंगलाच्या कडेच्या एका वस्तीवर कुणाकडं लाल तुसाचं धान आहे असं ऐकून ती आदल्या दिवशीच गेली होती. आपल्याला नोकरी आहे की नाही हे ठाऊक नसताना ही बाई बियाणं गोळा करायला जाते, याचा हिशेब मला आजही लागलेला नाही. गुणवंतरावांनी लिफाफा माझ्या हातात दिला, त्यांच्याच्यानं फोडवेना. मुखरूनं बैल जुंपले. वाटेत मी तो चार वेळा उजेडात धरून पाहिला, आणि पाचव्यांदा फोडला.

वस्तीवर पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एका अंगणात इतवारी नावाची म्हातारी बसली होती, समोर सुपात लाल तुसाचं धान. आई तिच्या पुढ्यात मांडी घालून, वही उघडी, पेन्सिल कानावर. म्हातारी गोंडीत गात होती आणि गाता गाता वाकून मातीत बोटं टोचून दाखवत होती, तिच्या गावाकडं रोवणी कशी करतात ते.

मी जवळ गेले आणि कागद पुढं केला. "आई, कायम."

तिनं वर पाहिलं नाही. डावा हात उचलला, थांब म्हणून, आणि डोकं तालावर हलवत राहिली. मी कागद धरून उभी. मुखरूनं बैल सोडले. म्हातारीची ओळ संपली, बोटं मातीतून निघाली, ती एक वीतभर मागं सरकली.

आई वळली. तिचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, ऐकलं हिनं. तिनं एका हाताची पाच बोटं माझ्यापुढं धरली, आणि दुसऱ्या हाताची दोन.

"सात, कला," ती म्हणाली. "कुठं ठेवलीस तुझी वही?"